स्क्रू पेग जमिनीत नुसता फिरतोय? तंबू ठोकताना या चुका टाळा

कॅम्पिंगला ड्रिल मशीन घेऊन येणारी मंडळी हल्ली दिसायला लागली आहेत, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. गाडी तंबूच्या जागेपर्यंत जात असेल तर आट्यांचे पेग, म्हणजे ठोकण्याऐवजी ड्रिलने जमिनीत पिळायच्या तंबूच्या खुंट्या (स्क्रू पेग), ही खरोखरच सोय आहे. दगडाने ठोकून वाकडे झालेले आणि सकाळी उपटताना तळहात सोलणारे तारेचे पेग ज्यांनी वापरलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तरीही पहिल्या जोरदार वाऱ्यात निम्मे स्क्रू पेग बाहेर येतात आणि खापर फुटतं ते विकणाऱ्याच्या डोक्यावर. बहुतेक वेळा पेग चांगला असतो, तो घालण्याची पद्धत चुकलेली असते.

स्क्रू पेगला धरून ठेवते ती दोन आट्यांच्या मधली, जागची न हललेली माती. दोरी ताणली गेली की आटे त्यांच्या वरची माती उचलू पाहतात. ती अखंड आणि घट्ट असेल तर पेग हलत नाही. आपणच ती कुस्करून ठेवली असेल तर आटे नावापुरते उरतात. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

ड्रिल सुसाट सोडणं

सगळ्यात जास्त नुकसान याने होतं. एका फेऱ्याला पेग एक आटा खाली गेला पाहिजे. दोन आट्यांमधलं अंतर 1 सेंटीमीटर असेल, तर 20 सेंटीमीटरचा पेग 20 फेऱ्यांत बसायला हवा. 40 फेरे लागले तर उरलेले 20 फेरे पेगने जागेवरच गरागरा फिरून माती दळली. ओळखायची खूणही सोपी: पेगच्या गळ्याभोवती बारीक मातीचा ढीग वर यायला लागतो. ही आतली पकडच बाहेर येत असते. तो ढीग पायाने दाबून काही साधत नाही. पेग उलटा फिरवून काढा आणि वीतभर बाजूला नव्या जागी घाला.

ड्रिलवरचा वेगाचा खटका 1 वर ठेवा, हातोडीचं चिन्ह असलेला मोड बंद ठेवा आणि मशीनवर अंगाचा भार देऊन दमाने घाला. पुढची गोल कडी, म्हणजे क्लच, आधी हलकी ठेवा आणि गरज पडली तर वाढवत न्या. वाटेत दगड किंवा मूळ आडवं आलं की क्लच कटकट करून सुटतो. कडी एकदम शेवटच्या खुणेवर असेल तर तो झटका तुमच्या मनगटाला बसतो. शेवटची दोन बोटं पाना लावून हाताने फिरवलीत तर उत्तम, कारण माती कुठे घट्ट धरतेय आणि कुठे सुटतेय हे हाताला कळतं, मशीनला कळत नाही.

एकाच जातीचा पेग सगळीकडे नेणं

ढोबळमानाने दोन जाती आहेत. एक रुंद पात्यांची, बहुधा प्लॅस्टिकची, मऊ जमिनीसाठी. दुसरी बारीक आट्यांची पोलादी, कडक जमिनीसाठी. दुसरी महागडीच घ्यायला हवी असं नाही. हार्डवेअरच्या दुकानात सुतारकामाचे षटकोनी डोक्याचे लांब कोच स्क्रू मिळतात. 8 किंवा 10 मिलिमीटर जाडीचा, वीतभर लांबीचा स्क्रू आणि डोक्याखाली मोठा वायसर घेतला की भागतं. 8 मिलिमीटरच्या स्क्रूला साधारणपणे 13 नंबरचा पाना लागतो, तरी सॉकेट विकत घेण्याआधी डोक्यावर लावून बघाच.

मुरमाड जमीन हे या पोलादी स्क्रूचं माहेर. साधा पेग जिथे ठोकताना वाकतो, तिथे हा खडे बाजूला सारत आत जातो. अगदीच जात नसेल तर आधी स्क्रूच्या दांड्यापेक्षा बारीक सळईने भोक पाडून घ्या. सळई जाड घेतलीत तर आट्यांना चावायला काही उरत नाही.

काळ्या मातीत मात्र जपून. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते, तिला भेगा पडतात. उन्हाळ्यात वरून दगडासारखी वाटते, म्हणून लोक बारीक आट्यांचा पेग घालतात. रात्री वळवाची एक सर आली की वरचा थर लोण्यासारखा होतो आणि ते आटे मातीला सरळ कापून बाहेर पडतात. इथे रुंद पात्यांचा लांब पेग घ्या आणि भेगेपासून लांब घाला, कारण भेगेच्या कडेला मातीला मागून आधार नसतो.

धरणांच्या काठावर, पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळाची जमीनही अशीच फसवी असते. वर वाळलेला पापुद्रा, खाली ओला गाळ. पेग पहिल्या दोन इंचांत कडक लागतो आणि पुढे अचानक सैल पडतो. तसं झालं तर पेग बदलत बसण्यापेक्षा जागाच बदला, थोडं वर चढावाकडे सरका.

समुद्रकिनाऱ्यावर कोरड्या वाळूत छोटा पेग घालणं म्हणजे न घातल्यासारखंच. वाळूला स्वतःची चिकट पकड नसते. तिथे पेगला धरतं ते पात्यांवरच्या वाळूचं वजन आणि तिचं आपसातलं घर्षण, म्हणून खोली हाच खरा हिशेब. किमान 30 सेंटीमीटरचा रुंद पात्यांचा पेग लागतो, आणि वरची कोरडी वाळू हाताने बाजूला सारून खालच्या दमट थरापासून सुरुवात केली तर जास्त धरतो. तेवढा लांब पेग नसेल तर पिशवीत वाळू भरा, तिला दोरी बांधा आणि हातभर खोल पुरा. ही जुनी युक्ती पुष्कळ महागड्या पेगना भारी पडते.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून मतलई वारे सुटतात. संध्याकाळी फक्त समुद्राच्या बाजूचे पेग पक्के करून झोपलात तर पहाटे तंबू उलट्या बाजूने फडफडतो. दोन्ही बाजूंना सारखीच मेहनत घ्या. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी कुठवर येतं, ते गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय एकही पेग घालू नका.

कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर किंवा सह्याद्रीच्या कातळावर स्क्रू पेग पिशवीतून काढूच नका. मातीचा थर बोटभर, खाली खडक. जोर लावला की प्लॅस्टिकचं डोकं घासून गोल होतं, नाहीतर पोलादी टोक बोथट होतं. तिथे दोरी मोठ्या धोंड्याला बांधायची आणि त्यावर दुसरा धोंडा ठेवायचा. किल्ल्यावर तटबंदीच्या सांध्यात किंवा जुन्या जोत्यात स्क्रू पिळणं तर साफ चूक, मग तो दोन इंचांचा का असेना.

डोकं वर राहू देणं

पेग चार बोटं बाहेर राहिला आणि दोरी त्याच्या टोकाला बांधली की पेग तरफेसारखा वागतो. वाऱ्याच्या प्रत्येक झटक्याला तो मागेपुढे हलतो आणि भोक रुंद करत जातो. डोकं जमिनीला टेकलं पाहिजे. पूर्ण जात नसेल तर दोरी वर न बांधता दांड्याभोवती, जमिनीलगत बांधा. साध्या पेगसारखा हा फार तिरका घालायचीही गरज नसते. सरळ किंवा तंबूपासून किंचित बाहेर झुकलेला पुरतो. तिरका घालताना ड्रिल हिंदकळतं आणि भोक वरच्या अंगाला मोठं होतं.

बसवल्यावर दोरीच्याच दिशेने हाताने एक दणकट ओढ देऊन बघा. भोवतालची माती फुगली किंवा तिला गोल चीर पडली तर तो पेग रात्र काढणार नाही. पण सकाळी दोरी सैल दिसली म्हणून लगेच पेगला दोष देऊ नका. नायलॉनची दोरी दवाने भिजली की लांबते. झोपण्याआधी एकदा ताणून घ्या, किंवा पॉलिएस्टरची दोरी वापरा.

खाली काय आहे ते न विचारणं

भाड्याच्या कॅम्पसाइटवर दिव्यांच्या वायरी आणि पाण्याच्या नळ्या अनेकदा जेमतेम वीतभर खाली असतात. ठोकलेला पेग कधी कधी वायरीला सरकवून जातो, फिरणारा आटा तिला गुंडाळून फाडतो. शेतात तंबू असेल तर ठिबकच्या नळ्यांचंही तेच. मालकाला आधी विचारा.

काढताना उपटायचं नाही, उलटं फिरवायचं. ड्रिल रिव्हर्सला टाकून हळू, आणि सुटल्यावरही हात न थांबवता शेवटच्या आट्यापर्यंत. काळी माती आट्यांत बसली असेल तर ती ओली असतानाच काडीने काढा, वाळली की सिमेंट होते. किनाऱ्यावरून आणलेले पोलादी पेग घरी आल्या आल्या गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, थोडं तेल लावून ठेवा.