दोन दिवसांत बँकॉकची रंगीत बुद्धमंदिरे कशी पाहावीत

बँकॉकला तीन-चार दिवसांसाठी जाणाऱ्यांच्या वेळापत्रकात मंदिरांच्या वाट्याला बहुधा एकच सकाळ येते आणि त्या एका सकाळी पाच-सहा मंदिरे उरकण्याची धडपड होते. माझे आग्रहाचे सांगणे असे की मंदिरे कमी निवडावीत, पण प्रत्येक मंदिरातला रंग कशाचा आहे, हे जवळ जाऊन पाहावे. लांबून सगळीच शिखरे सोनेरी आणि सगळीच छपरे नारिंगी-हिरवी दिसतात. जवळ गेल्यावर मात्र कुठे चकाकीचा लेप दिलेली कौले, कुठे आरशाचे बारीक तुकडे, तर कुठे चक्क फुटक्या चिनीमातीच्या ताटल्या दिसू लागतात. त्यासाठी दोन दिवस आणि चार-पाच मंदिरे पुरेशी आहेत. थाई भाषेत मठासह असलेल्या मंदिराला ‘वाट’ म्हणतात, म्हणून पुढे येणाऱ्या नावांत तो शब्द वारंवार येईल.

पहिली तयारी कपड्यांची. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, हा नियम स्त्री-पुरुष दोघांनाही आहे. राजवाड्याच्या दारावर तो कसोशीने पाळला जातो आणि तेथे बिनबाह्यांच्या कपड्यावर नुसती ओढणी घेऊन भागत नाही. सुती सलवार-कमीज किंवा सैल विजार आणि बाह्यांचा सदरा हा आपल्याकडचा रोजचा पोशाख तेथे अगदी योग्य ठरतो. पादत्राणे पटकन काढता-घालता येतील अशी घ्यावीत, कारण प्रत्येक गाभाऱ्याबाहेर ती उतरवावी लागतात.

पहिल्या दिवशी सकाळी साडेआठला, म्हणजे दार उघडतानाच, राजवाड्याच्या आवारातील वाट फ्रा केओ गाठावे. भुयारी रेल्वेच्या निळ्या मार्गावरील सनाम चाई स्थानकावरून चालत जाता येते, किंवा चाओ फ्राया नदीतील प्रवासी बोटीने था चांग धक्क्यावर उतरता येते. परदेशी पाहुण्यांसाठी तिकीट 500 बाट (थाई चलन) आहे. वाटेत एखादा सुशिक्षित वाटणारा गृहस्थ किंवा टुकटुकवाला ‘आज मंदिर बंद आहे, मी दुसरे दाखवतो’ असे सांगेल. माझ्या पहिल्या फेरीत मी त्यावर विश्वास ठेवला आणि दोन तास एका रत्नांच्या दुकानात घालवले. राजघराण्याच्या समारंभांमुळे मंदिर कधी कधी खरोखरच बंद असते, परंतु ते आदल्या दिवशी राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्यावे आणि रस्त्यावर कोणी काही सांगितले तरी थेट दारापर्यंत जावे.

राजधानी येथे 1782 साली पहिल्या रामाने, म्हणजे चक्री घराण्याच्या संस्थापकाने, वसवली आणि हे मंदिर त्याच काळातले आहे. गाभाऱ्यातील सुप्रसिद्ध ‘पाचू बुद्ध’ हा पाचूचा नसून हिरव्या जेडसारख्या दगडाचा आहे आणि त्याची उंची जेमतेम 66 सेंटिमीटर आहे. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तीन ऋतूंचे तीन सोनेरी पोशाख त्याला असतात आणि ते परंपरेने राजाच्या हस्ते बदलले जातात. आत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, त्यामुळे तेथे फक्त शांतपणे बसावे. मात्र आवाराभोवतीच्या ओवऱ्यांसाठी निदान तासभर राखून ठेवावा. तेथे भिंतींवर 178 चित्रचौकटींत रामकियेन, म्हणजे थाई रामायण, रंगवलेले आहे आणि ज्याने लहानपणापासून रामकथा ऐकली आहे त्याला वाटाड्याची गरज पडत नाही. हिरव्या वर्णाचा तो राम, सोनेरी तो लक्ष्मण, पांढरा तो हनुमान, एवढे ठाऊक असले की प्रसंग आपोआप उलगडत जातात. दारांवर उभे असलेले प्रचंड यक्षही याच कथेतले असून त्यांतला हिरवा ‘तोत्सकान’ म्हणजे आपला दशकंठ रावण होय. पूर्वेच्या बाजूला निरनिराळ्या रंगांच्या कौलांनी मढवलेले आठ मनोरे एका रांगेत आहेत. तिकडे गर्दी कमी असते आणि सकाळचे ऊन त्यांच्यावर थेट पडते.

दुपारी लगतच दक्षिणेला असलेल्या वाट फोमध्ये जावे (तिकीट 300 बाट). येथे लोक 46 मीटर लांबीचा शयनमुद्रेतील बुद्ध पाहतात आणि निघून जातात. ती मूर्ती पाहावीच, आणि विशेषतः तिच्या तळपायांवरचे शिंपल्याचे जडावकाम पाहावे, कारण त्यात 108 मंगलचिन्हे कोरलेली आहेत. पाठीमागच्या भिंतीलगत 108 कांस्यपात्रे आहेत. प्रत्येकात एकेक नाणे टाकत पुढे सरकायचे असते आणि त्या नाण्यांचा मंद नाद सगळ्या दालनात भरून राहतो. पण रंगांच्या दृष्टीने वाट फोचा खरा ऐवज म्हणजे आवारातील चार उंच चैत्य, म्हणजे निमुळते स्तूप. हिरवा पहिल्या रामाचा, पांढरा दुसऱ्याचा, पिवळा तिसऱ्याचा आणि निळा चौथ्याचा. त्यांच्यावरची कौलांची फुले एकेक करून बसवलेली आहेत. जवळच योगासने करणाऱ्या ऋषींच्या लहान मूर्ती आहेत. थाई मर्दनविद्येची परंपरा या मंदिराशी जोडलेली आहे आणि ती विद्या आपला मूळपुरुष म्हणून बुद्धकालीन वैद्य जीवक याला मानते. पाय दुखत असतील तर येथील मर्दनशाळेत अर्धा तास काढण्यास हरकत नाही. सूर्यास्ताला था तिएन धक्क्याजवळ येऊन पैलतीरावरील वाट अरुणची काळी होत जाणारी आकृती पाहावी, पण नदी आज ओलांडू नये.

वाट अरुण दुसऱ्या दिवसाच्या सकाळसाठी ठेवावे (तिकीट 200 बाट). मंदिराचा दर्शनी भाग नदीकडे, म्हणजे पूर्वेला आहे. संध्याकाळी सूर्य त्याच्या मागे जातो आणि रंग मावळतात, तर सकाळी आठच्या उन्हात तो भाग उजळून निघतो. मंदिराला अरुणाचे नाव आहे, त्यामुळे ही वेळ त्याला साजतेही. था तिएनहून अवघ्या काही बाटांत नदी ओलांडणारी बोट पैलतीराला नेते. मधला उंच मनोरा लांबून पांढुरका वाटतो, पण पायथ्याशी गेल्यावर त्याच्या अंगावर चिनीमातीच्या बशा-वाडग्यांचे तुकडे आणि शिंपले पानाफुलांच्या आकारात बसवलेले दिसतात. चीनहून येणाऱ्या जहाजांत ही भांडी वजन स्थिर राखण्यासाठी भरलेली असत, आणि टाकाऊ म्हणून उरलेल्या त्या मालातून कारागिरांनी हे शिखर सजवले. एखादी पूर्ण फुलाची नक्षी शोधून तिच्यात किती तुकडे आहेत ते मोजून पाहावे, म्हणजे कामाचा अंदाज येतो.

दुपारनंतर जुन्या शहरातील लोह प्रासाद ही धातूच्या कळसांची मंदिर-वास्तू आणि तिच्या समोरची सोनेरी टेकडी, म्हणजे वाट साकेत, ही जोडी घ्यावी, कारण दोन्हींमधले अंतर थोडेच आहे. नव्या शहरातून येणाऱ्यांनी सेन सेप कालव्याच्या बोटीने फान फा या शेवटच्या थांब्यावर उतरावे. लोह प्रासादावर 37 धातूचे कळस आहेत आणि ते बोधिपक्षीय धर्माच्या, म्हणजे बोधीकडे (ज्ञानप्राप्तीकडे) नेणाऱ्या, 37 अंगांचे प्रतीक आहेत. आत भडक रंग नाहीत, तरीही दोन दिवसांच्या झगमगाटानंतर त्याच्या अरुंद बोळांतली शांतता फार हवीशी वाटते.

कोणत्याही मंदिरात पुढील शिष्टाचार पाळावेत. उंबऱ्यावर पाय न ठेवता तो ओलांडावा, बसताना तळपाय मूर्तीकडे करू नयेत आणि टोपी काढावी. स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श करू नये किंवा त्यांच्या हाती थेट वस्तू देऊ नये. मूर्तीकडे पाठ करून स्वतःचे छायाचित्र काढणे तेथे अनादराचे मानले जाते. बुद्धमूर्ती विकत घेऊन देशाबाहेर नेण्यास ललित कला विभागाचा परवाना लागतो, म्हणून आठवण म्हणून दुसरे काही घ्यावे. सहलीची तारीख हातात असेल, तर माघ, वैशाख किंवा आषाढ पौर्णिमा साधावी. आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून, आपल्याकडच्या विहारांप्रमाणेच, तेथेही वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातील एका जागीचा मुक्काम, सुरू होतो. या तिन्ही पौर्णिमांच्या संध्याकाळी भाविक हाती मेणबत्ती, उदबत्ती आणि कमळ घेऊन मंदिराला तीन प्रदक्षिणा घालतात. त्यांच्या मागे चालण्यास पाहुण्यांना कोणी अडवत नाही.

सोनेरी टेकडीवर, म्हणजे वाट साकेतच्या चैत्यावर, संध्याकाळी पाचच्या सुमारास चढावे. तीनशेहून अधिक पायऱ्या टेकडीला वळसे घालत वर जातात, पण चढ सोपा असल्यामुळे वडीलधाऱ्यांनाही तो झेपतो. उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथील स्तूपात 1898 साली सापडलेल्या बुद्धाच्या मानल्या जाणाऱ्या अस्थींपैकी काही ब्रिटिश सरकारने सयामचे (आजच्या थायलंडचे) राजे चुलालोंगकोर्न यांना दिल्या आणि त्यांचा काही अंश या चैत्यात ठेवला आहे. ते दर्शन घेऊन वरच्या गच्चीवर जावे. समोर लोह प्रासादाचे कळस, त्यापलीकडे नारिंगी-हिरव्या छपरांची दाटी आणि अगदी क्षितिजाजवळ नदीपलीकडचे वाट अरुणचे टोक दिसते. खाली उतरण्याची घाई करू नये, मात्र कालव्याच्या परतीच्या बोटीची वेळ येतानाच धक्क्यावर विचारून ठेवावी.