महाकाय शिंपला ओळखायचा तर आधी कवच बघा

रंगावर जाऊ नका. तो निळा-हिरवा मांसल पडदा कितीही मोहात पाडो, त्याच जातीत तो तपकिरीही असतो. मी आधी कवच बघते. पन्हाळी कौलांसारखे मोठे, सुटे खवले उभे असतील तर ट्रायडॅक्ना स्क्वामोसा (ट्रायडॅक्ना हा महाकाय शिंपल्यांचा गट, इथली बाकीची नावंही त्यातल्याच जातींची). खवले दाटीवाटीचे आणि कवच एका बाजूला लांबट असेल तर मॅक्सिमा. तिच्या पडद्याच्या कडेने बारीक काळ्या डोळ्यांची रांगही दिसते, फार सुंदर! प्रवाळखडकात कडेपर्यंत रुतलेला, जेमतेम 15 सेंटीमीटरचा, तो बहुधा क्रोसिया. गुळगुळीत कवच डेरासाचं. तरीही शंका उरलीच तर पाणी आत घेणारं छिद्र निरखा. स्क्वामोसाला तिथे फांद्या फुटलेल्या मिशा असतात, गिगासला मुळीच नसतात. मात्र अंगावर सावली पाडू नका, पडदा लगेच आत ओढला जातो.