बायोप्सीला निघताय? सुईइतकंच बाटलीकडे पण लक्ष ठेवा

छातीतल्या, म्हणजे स्तनातल्या गाठीची बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) सांगितली की घरातल्या सगळ्यांच्या डोक्यात एकच, कॅन्सर निघतो की नाही. ते साहजिकच आहे. पण मी जळगावला लॅबच्या काउंटरवर बसते आणि तिथून रोज दिसतं ते सांगते, कॅन्सर आहे एवढं कळून भागत नाही, तो कोणत्या जातीचा आहे हे त्याच तुकड्यावरून काढायचं असतं, ईआर, पीआर (पेशीवरचे हार्मोन पकडणारे रिसेप्टर) आणि हर-टू (पेशीवरचं एक प्रोटीन), आणि पुढे हार्मोनची गोळी चालणार का, केमो लागणार का, हर-टूचं महागडं इंजेक्शन लागणार का हे बरंचसं त्यावर ठरतं. म्हणून तयारी त्या तुकड्याची करा, बाईची तर कराच.

सगळ्यात आधी डॉक्टरांना सरळ विचारा, बारीक सुईची टेस्ट करणार का कोअर बायोप्सी? बारीक सुईच्या टेस्टमध्ये, म्हणजे एफएनएसीत, फक्त पेशी ओढून काचेवर पसरवतात, त्यातून कॅन्सरचा अंदाज येतो पण हार्मोनची टेस्ट नीट करायची तर आख्खा तुकडा हवा, म्हणजे जाड सुईची कोअर बायोप्सी, शक्यतो सोनोग्राफीत बघून. काही ठिकाणी अजून एकदम गाठच कापून काढतात, निदान व्हायच्या आधीच. तसं कोणी म्हणालं तर आधी सुईने का नाही हे विचारायला लाजू नका, कारण कॅन्सर निघाला तर पुढचं ऑपरेशन वेगळ्या पद्धतीने आखावं लागतं आणि कधी कधी केमो आधी द्यायची असते.

घरून निघताना जुनी मॅमोग्राफी, सोनोग्राफी, सगळ्या फिल्म आणि रिपोर्ट एका पिशवीत टाका. आधार आणि रेशन कार्ड मूळ घ्या, महात्मा फुले योजनेत बसवायचं असेल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा की ही टेस्ट त्यात येते का वेगळे पैसे लागतील, नंतर काउंटरवर येऊन वाद घालण्यात काही हाशील नसतं. चालू गोळ्यांची पट्टीच सोबत घ्या, नाव आठवत बसण्यापेक्षा ते बरं. रक्त पातळ करायची गोळी असेल, अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, तर ती सुरू आहे हे आधीच सांगा, पण शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका, हार्टवाल्याला ते महागात पडू शकतं. पाळी शेवटची कधी आली ते लिहून न्या, गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर तेही. गाठ हार्मोनवाली (ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह) निघाली तर कोणती गोळी हे पाळीवर ठरतं, पाळी चालू असलेल्या बाईला साधारण टॅमॉक्सिफेन आणि पाळी गेलेल्या बाईला बहुतेक वेळा लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल असा हिशोब असतो. पाळीची ही माहिती पुरुष नातेवाईकाला बरेचदा माहीतच नसते आणि बाई सगळ्यांसमोर बोलत नाही, म्हणून चिठ्ठी.

कपड्यांचं सोपं आहे, पुढून हुक असलेलं ब्लाउज किंवा बटणाचा गाऊन, त्या दिवशी पावडर नाही, डिओ नाही, गळ्यातलं घरी ठेवा. जागा बधिर करूनच सुई मारतात म्हणून बहुतेक ठिकाणी उपाशी राहायची गरज नसते, पण फोन करून विचारा, खास करून शुगरवाल्यांनी. खेड्यावरून आलेल्या आजी विचारतात, "सुई दुखी का वं बेटी?" खरं सांगायचं तर बधिर करायचं इंजेक्शन टोचतं, मग दाबल्यासारखं वाटतं आणि मशीनचा खट्ट आवाज येतो, त्याची आधी कल्पना दिली की बाई दचकत नाही. सुई लावली की कॅन्सर पसरतो हे गावात सगळीकडे ऐकू येतं, त्या भीतीने तपासणी टाळण्यात जो वेळ जातो तोच खरा घातक.

आता बाटली. तुकडा फॉर्मलिनमध्ये (तो सडू नये म्हणून असलेलं औषधी पाणी) जायला पाहिजे, सलाइनमध्ये नाही, पाण्यात नाही, घरच्या फ्रीजरमध्ये तर मुळीच नाही. काढल्यापासून तासाभराच्या आत तो फॉर्मलिनमध्ये पडला पाहिजे आणि त्यात कमीत कमी 6 तास, जास्तीत जास्त 72 तास राहावा असा नियम आहे, कमी-जास्त झालं तर रिसेप्टर असूनही निगेटिव्ह दिसू शकतात. आपल्याकडे तालुक्याला तुकडा काढतात आणि नातेवाईक एसटीने बाटली घेऊन जळगावला किंवा धुळ्याला येतो, त्यामुळे हे तास तुमच्याच हातात असतात. शनिवारी संध्याकाळी काढलेला तुकडा रविवार, मग सोमवारची सुट्टी असं करत मंगळवारी रात्री आला तर 72 तास उलटून गेले, म्हणून शक्य असेल तर सोमवार ते गुरुवार यातलाच दिवस मागा. बाटलीवर नाव, वय, डावी का उजवी बाजू, आणि तुकडा काढल्याची व फॉर्मलिनमध्ये टाकल्याची वेळ लिहून घ्या, काखेतल्या गाठीचा तुकडा असेल तर वेगळी बाटली. फॉर्मलिन तुकड्याच्या निदान दहापट हवं. आख्खी गाठ काढली असेल तर ती लॅबला त्याच दिवशी पोचवा कारण औषध आत शिरायला तासाला जेमतेम एक मिलिमीटर या वेगाने जातं, न कापलेल्या गाठीचं मधलं मांस सडायला लागतं. झाकण घट्ट, वर दुसरी पिशवी, आणि पोरांच्या हाती देऊ नका, वास घेतला तरी डोळे चुरचुरतात.

फॉर्मवर फक्त "बायोप्सी" लिहिलेलं असतं. कॅन्सर निघाल्यास ईआर, पीआर, हर-टू करावं असं डॉक्टरांकडून तिथेच लिहून घ्या, नाहीतर पहिला रिपोर्ट येतो, मग परत चक्कर, परत पैसे. केमो आधी देणार असतील तर हे केमोच्या आधीच हातात पाहिजे, केमोने गाठ विरघळली तर मग तपासायला उरणार काय?

रिपोर्ट आला की "पॉझिटिव्ह" शब्द बघून रडू नका, इथे ईआर पॉझिटिव्ह म्हणजे गोळीला लागू पडायची शक्यता चांगली. टेस्टमध्ये रिसेप्टर असलेल्या पेशींना रंग चढतो, 1 टक्का पेशी रंगल्या तरी पॉझिटिव्ह धरतात, 1 ते 10 असेल तर लो पॉझिटिव्ह, त्यावर डॉक्टरांशी नीट बोला. हर-टू हार्मोनचा नाही पण सोबतच करतात, 0 आणि 1 म्हणजे निगेटिव्ह, 3 म्हणजे पॉझिटिव्ह, आणि 2 आला तर अधांतरी, मग फिश नावाची वेगळी टेस्ट, तिचे पैसे आणि दिवस आधीच धरून ठेवा. ईआर निगेटिव्ह आलं पण गाठ ग्रेड 1 ची (हळू वाढणारी) किंवा लोब्युलर प्रकारची (दुधाच्या ग्रंथीतून निघालेली) असेल, ज्या सहसा ईआर पॉझिटिव्हच असतात, तर विचारा की तुकड्यातल्या कॅन्सर नसलेल्या दुधाच्या नळ्या रंगल्या होत्या का, कारण त्या रंगायलाच हव्यात, त्याही कोऱ्या असतील तर टेस्टच परत करावी लागते.

टाटाला परळला जायचं ठरलं तर नुसता कागद चालत नाही, ते काचा (तुकड्याचे पातळ काप लावलेल्या) आणि मेणाचा ब्लॉक (ज्यात उरलेला तुकडा बसवलेला असतो) मागतात. तो लॅबमधून सही करून घ्या, नंबर रिपोर्टशी जुळवा, आणि तिथे जमा केल्याची पावती सांभाळा, परत मिळवायला तीच लागते. एप्रिल-मे मध्ये आपल्या उन्हात ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण साठ डिग्रीच्या आसपास वितळतं आणि बंद गाडीत तेवढं होऊ शकतं. रेल्वेने जात असाल तर बॅगेत नाही, हातातल्या पर्समध्ये, कापसात गुंडाळून.