मुलगा की मुलगी, ठरवता येतं का? या चुका टाळा

सुनेला दिवस गेले की पोटाच्या आकारावरून अंदाज सुरू होतात. ते गप्पांपुरतं ठीक. त्यापुढच्या चुका मात्र महागात पडतात.

पहिली, आणि मला सगळ्यांत जास्त चीड आणणारी: ‘हिला मुलीच होतात’ असं म्हणणं. बाईच्या बीजात कायम एक्स गुणसूत्रच असतं. पुरुषाच्या शुक्राणूत एक्स असतं किंवा वाय. वायवाला आधी पोचला तर मुलगा. त्यावर बापाचाही ताबा नसतो, मग आईला बोल कशासाठी?

दुसरी चूक मुलगा व्हावा म्हणून घेतल्या जाणाऱ्या पुडीची. दुसऱ्या महिन्यात सकाळी उपाशीपोटी, गोऱ्हा झालेल्या गाईच्या दुधातून शिवलिंगीच्या बिया घ्यायच्या, असं सांगणारं कुणीतरी भेटतंच. पण लिंग गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेलं असतं. दुसऱ्या महिन्यात पुडी काय बदलणार? उलट बाळाचे अवयव घडायचा काळ नेमका तोच. हरियाणात अशी औषधं तपासली तेव्हा त्यांत स्त्री-संप्रेरकांसारखे घटक सापडले आणि ती घेणाऱ्यांच्या बाळांत जन्मजात व्यंगांचा धोका जास्त दिसला. पुडी आधीच घेतली असेल तर लपवू नका, डॉक्टरांना दाखवा.

मुलगा हवा म्हणून संबंधासाठी सम-विषम तारखा पाळण्यातही अर्थ नाही. 1995 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संबंधाचा दिवस आणि बाळाचं लिंग यांचा काही संबंध आढळला नाही.

आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात, भ्रूण तपासून निवड करता येते, हे खरं. अमेरिकेत ती चालते. भारतात गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्यातल्या 2003 च्या दुरुस्तीपासून गर्भधारणेआधीची निवडही गुन्हा आहे. सोनोग्राफीत ‘पेढा की बर्फी’ विचारणंही तसंच. सांगणाऱ्या डॉक्टरला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, विचारणाऱ्या नातेवाइकांनाही, शिवाय 50 हजारांपर्यंत दंड. महाराष्ट्राने 1988 मध्येच, देशात सर्वांत आधी, याविरुद्ध कायदा केला. तरी 2011 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 894 मुली होत्या, बीडमध्ये तर 807.

शेवटची चूक म्हणजे दबाव येत असताना गप्प बसणं. गर्भलिंग तपासणीसाठी बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनीच जबरदस्ती केली, असं कायदा मुळातच गृहीत धरतो. तसं नव्हतं हे त्यांना सिद्ध करावं लागतं. तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करता येते, महापालिका हद्दीत आरोग्य अधिकाऱ्यांकडे.