रोजचं एक टॅरो कार्ड आणि मनाचा कौल: या चुका टाळा

डबे भरून झाले, लोकल पकडायला निघायचं आहे, मधल्या पाच मिनिटांत गठ्ठा पिसायचा, ‘आजचा दिवस कसा जाईल?’ असं विचारायचं आणि एक कार्ड ओढायचं. पटलं नाही तर आणखी एक. महिन्याभरात तक्रार सुरू होते, ‘कार्डं माझ्याशी बोलतच नाहीत.’

कार्डं बोलत नसतातच. टॅरो म्हणजे ७८ चित्रपत्त्यांचा गठ्ठा. त्याचा जन्म पंधराव्या शतकात उत्तर इटलीत झाला, तोही पत्त्यांचा खेळ म्हणून. त्यावरून भविष्य सांगायची पद्धत रुळली ती अठराव्या शतकात फ्रान्समध्ये. चित्र समोर आलं की मनात अर्धवट घोळत असलेलं काहीतरी ओठांवर येतं, रोजच्या सरावाचा उपयोग तो आणि तेवढाच. माझ्या मते हा उपयोग काही लहान नाही. फक्त खालच्या सवयी त्याची वाट लावतात.

उजवा मिळेपर्यंत कौल

कोकणातून आलेल्या मुंबईकरांना कौल लावणं नवीन नाही. देवाला पाकळ्या किंवा कळ्या चिकटवतात, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावा कौल आला म्हणून उजवा मिळेपर्यंत कोणी गाभाऱ्यात ठाण मांडून बसलं, तर गुरवालाही हसू आवरणार नाही. टॅरोत मात्र हे सर्रास चालतं. नावडतं कार्ड आलं की ‘हे नीट पिसलं गेलं नव्हतं.’

आणि गंमत अशी, की दुसरं कार्ड ओढावंसं वाटणं हीच त्या सकाळची सगळ्यात खरी माहिती असते. समजा, अंधेरीची नोकरी सोडून पुण्याला जावं का, हे डोक्यात आहे आणि ‘फोर ऑफ कप्स’ आलं. झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला तरुण, समोर तीन पेले, ढगातून पुढे आलेला चौथा पेला आणि त्याचं तिकडे लक्षच नाही. ते बघून चिडचिड झाली? म्हणजे मनाने पुण्याचा पेला आधीच उचलला आहे आणि कोणी अडवलेलं त्याला नको आहे. हायसं वाटलं? मग जायचं नव्हतंच. दुसरं कार्ड ओढलंत की ही पहिली प्रतिक्रिया पुसली जाते. म्हणून एक कार्ड, आणि गठ्ठा लगेच डब्यात.

दुसऱ्याच्या मनातलं विचारणं

‘तो माझा विचार करतो का?’, ‘सासूबाईंच्या मनात नक्की काय आहे?’ यांची उत्तरं तुमच्या आत नाहीत, त्यामुळे आतला आवाज तरी काय सांगणार? सासूबाई बाजूच्या खोलीत असतील तर त्यांनाच विचारलेलं बरं. स्वतःकडे वळणारा प्रश्न घ्या: आज माझं कशाकडे दुर्लक्ष होतंय? हो म्हणताना कुठे अडखळायला होतंय? तब्येतीची शंका, कर्ज, शेअर बाजार, कोर्टातली तारीख हे विषय गठ्ठ्यापुढे आणूच नका. शरीरात गाठ लागली तर कार्ड नाही, डॉक्टर.

आधी पुस्तक, मग चित्र

नवशिक्यांच्या हाती बहुतेक वेळा रायडर-वेट-स्मिथ गठ्ठा किंवा त्याची नक्कल येते. मूळ गठ्ठा १९०९ मध्ये लंडनला निघाला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. जुन्या बहुतेक गठ्ठ्यांत ‘पाच पेले’ म्हणजे नुसते पाच पेले असत. स्मिथबाईंनी ७८ च्या ७८ कार्डांवर प्रसंग रंगवले. इतकं समोर असताना कार्ड उलटताक्षणी मोबाइलवर अर्थ शोधणं म्हणजे त्यांच्या मेहनतीवर पाणी. शिवाय मोबाइल हातात घेतला की सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून चाललेलं भांडण दिसतंच, मग कुठलं कार्ड आणि कुठला आतला आवाज!

दोन मिनिटं नुसतं बघा. नजर कुठे जाते, काय खटकतं? ‘टू ऑफ स्वोर्ड्स’मधल्या बाईच्या डोळ्यांवर पट्टी आहे, छातीशी हातांची फुली करून दोन तलवारी धरल्या आहेत, मागे समुद्र आहे. कोणाला ती निर्णय टाळणारी दिसेल. दिवसभर माणसांत असणाऱ्या कोणाला वाटेल, बाईला जरा शांतता हवी आहे, एवढंच. पुस्तकात पहिला अर्थ सापडेल, पण तुमच्या दिवसाला कदाचित दुसरा लागू असेल. पुस्तक जरूर उघडा, स्वतःचं वाक्य लिहून झाल्यावर.

कशालाही लागू पडणारी वाक्यं

सगळ्यात मोठी गफलत इथे होते आणि ती लक्षातही येत नाही. सकाळी वहीत लिहायचं, ‘आज काहीतरी बदल जाणवेल.’ संध्याकाळी बदल जाणवतोच, निदान इंडिकेटरवर गाडीची वेळ तरी बदललेली असते. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वभावाचं वर्णन म्हणून एक मजकूर दिला. प्रत्येकाला वाटलं, हे खास माझ्याबद्दल आहे. ते किती जुळतं, याला त्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मजकूर सगळ्यांना एकच होता.

तेव्हा वाक्य असं लिहा की ते चुकू शकेल. ‘आजच्या मीटिंगमध्ये माझं म्हणणं मला पुन्हा गिळावं लागेल असं वाटतंय.’ रात्री त्याखाली एक ओळ: तसं झालं का? डॅनियल कानेमान आणि गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये मिळून लिहिलेल्या एका लेखात अंतःप्रेरणेवर कधी भरवसा ठेवावा, याचा विचार केला आहे. परिस्थितीत काही नियमितपणा हवा आणि आपला अंदाज बरोबर आला की चुकला, हे वारंवार कळायला हवं, या त्यांच्या दोन अटी. लोकल फलाटाला लागतानाच कुठल्या दारातून आत शिरता येईल हे जुन्या प्रवाशाला कळतं, ते असंच. दोन्ही अटी तिथे रोज पुऱ्या होतात. कार्डाच्या बाबतीत दुसरी अट तुम्हालाच पुरी करावी लागते, म्हणून वही हवी. काही आठवड्यांनी तिच्यात दिसू लागतं की माणसांबद्दलचे तुमचे अंदाज बरे निघतात, पैशांबद्दलचे नाहीत. किंवा उलटही.

भीती आणि अंतःप्रेरणा यांतला फरकही वहीच दाखवते. भीतीच्या नोंदी लांबलचक असतात, ‘असं झालं तर, मग तसं झालं तर’ अशा. दुसऱ्या प्रकारच्या नोंदी सहसा एका ओळीत संपतात. ‘नाइन ऑफ स्वोर्ड्स’ (अंथरुणात उठून बसून चेहरा हातांनी झाकलेली व्यक्ती) बघून पानभर लिहिलं गेलं असेल, तर त्या दिवशी त्या पानावर विसंबून कुठलाही निर्णय घेऊ नका. कार्ड बघितल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकवत नसेल, तर गठ्ठा काही आठवडे कपाटात गेलेला बरा.

‘तेच कार्ड परत परत येतंय!’

येणारच. रोज ७८ मधून एक कार्ड ओढलं, तर अकरा दिवसांत कुठलं तरी कार्ड दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, महिन्याभरात तर जवळजवळ खात्रीच. ‘डेथ’ वर्षाला सरासरी चार-पाच वेळा भेटणार. मेजर अर्काना, म्हणजे ‘डेथ’सारखी स्वतंत्र नावांची मोठी कार्डं, एकूण २२, म्हणजे साधारण दर तीन-चार दिवसांनी त्यातलं एखादं. तेव्हा ‘द टॉवर’ (वीज पडलेला बुरूज) आलं म्हणून रजा टाकू नका.

एकच कार्ड फारच वेळा येत असेल तर आधी पिसणं तपासा. कालचं कार्ड वर ठेवून हातातल्या हातात चार वेळा पिसलं, तर ते कुठे फारसं जात नाही. दिवाणावर चादर टाकून सगळी कार्डं पालथी पसरा, दोन्ही हातांनी मिनिटभर कालवा आणि मग गोळा करा.

जून ते सप्टेंबर आणखी एक भानगड असते, आपल्या हवेची. कार्डं दमट होऊन फुगतात, कडा वळतात, दोन-दोन चिकटून एकत्रच बाहेर येतात आणि लोक त्या जोडीतही संकेत शोधतात. गठ्ठा घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. हात धुऊन, पूर्ण कोरडे करूनच कार्डांना लावा. वळलेली कार्डं दोन जाड पुस्तकांमध्ये रात्रभर दाबून ठेवा. इस्त्री फिरवू नका, वरचा थर निघतो. आणि सरकायला बरं म्हणून कॅरमची पावडर तर मुळीच नको, ती बहुधा बोरिक असते आणि बोटांवरून थेट डोळ्यांत जाते.