"पणजोबा मिल्ट्रीत होते": पुढे काय?

लष्करात कारकुनी केली, त्यामुळे देवळाली कॅम्पात लोक अजून मला गाठतात. पणजोबांची जुनी नोंद शोधायची असते, पण "पणजोबा मिल्ट्रीत होते" एवढंच सांगतात. अहो, एकेका पलटणीत तुकाराम पवार किती असतील! आधी त्यांचा लष्करी नंबर शोधा.

तो बहुधा घरातच असतो. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), नाहीतर देव्हाऱ्यात ठेवलेलं पदक. पहिल्या महायुद्धाचं पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली धरा. नंबर, हुद्दा, नाव, पलटण तिथे कोरलेली असते. १९१४-१८ चं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं असेल तर माणूस बहुधा लढाऊ शिपाई, ब्राँझचं असेल तर लेबर कोअरमधला (मजुरांच्या तुकडीतला) किंवा फॉलोअर, म्हणजे पलटणीसोबतचा बिगरलढाऊ कामकरी. आणि कृपा करून चिंचेने घासू नका, अक्षरं झिजतात.

आता पलटण. पलटणीचा जुना आकडा आजच्या यादीत सापडायचा नाही. ११० वी मराठा १९२२ च्या फेररचनेत पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. घरात "आजोबा तुर्कांच्या कैदेत होते" अशी आठवण असेल तर १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी आधी बघा. इराकमधल्या कुतला २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या सैन्यात या तिन्ही होत्या. १११ वी महार १९१७ ची, १९२१ ला मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची.

नाशिककरांना वाटतं, सगळे कागद नाशिकरोडलाच. इथे मुख्यतः तोफखान्याचे. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महारचं मध्य प्रदेशातल्या सागरला. तिथे करायच्या अर्जात नंबर, वडिलांचं नाव, गाव, तालुका, भरतीचं साल लिहा, नात्याचा पुरावा जोडा. पेन्शन न बसलेल्यांची कागदपत्रं पंचवीस वर्षांनी नष्ट करतात, म्हणून "लाँग रोलमधली (कायम जपलेल्या नोंदवहीतली) नोंद द्यावी" असं स्पष्ट मागा. युद्ध संपताच घरी आलेल्या कित्येकांना पेन्शन नव्हतीच. पीपीओ नाही म्हणजे नोकरी खोटी, असं समजू नका.

युद्धात मरण पावलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर शोध फुकट आहे. इंग्रजीत जुनं स्पेलिंग टाका, नाशिकच्या जागी 'नासिक'. नोंदीत बऱ्याचदा बापाचं नाव आणि गाव मिळतं. ते आपल्याच घरातलं का, हे रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी आपल्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वहीशी ताडून बघा. जाताना मूळ गावाचं नाव पाठ असू द्या, गुरुजी पहिलं तेच विचारतात.