विनोदी नटांचे कपडे आणि सह्या लिलावात काढायच्या असतील तर नंबर कसे लावायचे, खरं-खोटं कसं बघायचं

आमच्या हौशी नाटकाच्या ग्रुपने मागे एक लिलाव केला, एका बॅकस्टेजच्या काकांच्या ऑपरेशनसाठी. ज्या माणसाने आयुष्यभर विंगेत उभं राहून नटांना एंट्रीच्या आधी कपडे चढवून दिले त्याच्याकडे स्वतःच्या ऑपरेशनला पैसे नाहीत हे बघवत नव्हतं. त्यात जे कळलं ते लिहितोय, कुणाला असं काही करायचं असेल तर उपयोग होईल.

सगळ्यात आधी यादी करायला बसाल आणि तिथेच भांडणं लागतील, अशोकमामा मोठे की लक्ष्या मोठा, की दादांच्या पुढे कुणीच नाही. आमचे दोन तास त्यातच गेले. लिलावासाठी हा प्रश्नच बाजूला ठेवा. विचारायचं एवढंच, की कपडा हँगरला टांगला, नाव झाकलं, तरी बघणाऱ्याला माणूस आठवतो का? या हिशोबाने दादा कोंडके एक नंबर, त्यात वाद नाही. ती ढगळी हाफचड्डी आणि लोंबणारी नाडी बघून आजही गावातलं पोर सांगेल कोण ते. सोंगाड्या १९७१ चा, म्हणजे पन्नास वर्षं उलटून गेली तरी ती नाडी लोक विसरलेले नाहीत. मग लक्ष्मीकांत बेर्डे, त्यात पण बनवाबनवीतल्या पार्वतीची साडी आणि त्यांचा रोजचा शर्ट यात जमीन-अस्मानाचा फरक. दिलीप प्रभावळकरांचं हसवाफसवी म्हणजे एकट्याने सहा भूमिका, असं काही हाती लागलं तर सेट फोडू नका, सहाही पोशाख एकत्रच काढा, सुटे विकले की प्रत्येकाची गंमत कमी होते.

आता अशोक सराफ. त्यांचं सगळं काम डोळ्यात, आवाजात, टायमिंगमध्ये, कपडे बहुतेक वेळा साधे शर्ट-पँट. तो शर्ट टांगला तर कुणालाही काही आठवणार नाही, पण त्यांची सही असलेला फोटो ठेवा, हात वर होतात. महाराष्ट्र भूषण झाला, २०२५ ला पद्मश्री झाली, त्यामुळे मागणी अजून वाढलीय. प्रशांत दामल्यांचं पण तसंच, नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांचा १२,५०० वा प्रयोग झाला, अशा प्रयोगाचं तिकीट जपलेलं असेल आणि त्यावर सही असेल तर ते कुठल्याही कुर्त्याच्या वर. म्हणून याद्या दोन करा, कपड्यांची वेगळी, सह्यांची वेगळी. माझ्या मते हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे आणि लोक हीच करत नाहीत.

खरं-खोटं बघायला वेळ द्या. सहीचं सांगतो. आधी तारखा जुळवा. दादा गेले १४ मार्च १९९८ ला, लक्ष्मीकांत १६ डिसेंबर २००४ ला. पोस्टर त्यानंतर छापलेलं असेल तर त्यावरची सही खोटी, विषय संपला. मग फोटो उजेडात तिरका धरून बघा, पेनाची शाई कागदावर वेगळी चमकते, दाबाचा ठसा दिसतो, आणि छापील सही फोटोसारखीच सपाट दिसते. आम्ही एक छापील सही खरी म्हणून विकली होती, आठ दिवसांनी घेणाऱ्या काकूंनी भिंग लावून दाखवलं की ठिपके ठिपके आहेत, पैसे परत केले आणि माफी मागितली. तेव्हापासून भिंग घेतल्याशिवाय मी सही हातात घेत नाही. "चि. अमुकला सप्रेम" असं लिहिलेलं असेल तर भाव थोडा उतरतो पण खरेपणाची खात्री वाढते, कारण खोटं करणारा शक्यतो नुसती सहीच करतो.

कपड्यांचं जास्त अवघड. नाटकाचे, वगाचे कपडे बऱ्याचदा ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आलेले असतात, एकच कोट दहा जणांनी घातलेला असतो. "हा त्यांनीच घातला होता" हे तोंडी चालत नाही. सिनेमा किंवा प्रयोगाचे फोटो काढा आणि कपड्यावरची नक्षी जुळवा, खिशाजवळ फूल अर्धं कापलंय का, चौकडीची रेघ शिवणीवर कुठे येते, रफू कुठे आहे. छापील कापडाचे दोन शर्ट त्या बाबतीत सहसा सेम नसतात. आतली बाजू पण बघा, मेकअपचा डाग कॉलरला बऱ्याचदा असतो, पटकन बदलायच्या कपड्याला बटणांच्या मागे हूक किंवा टिचबटणं लावलेली असतात. आणि हो, डाग धुवायचे नाहीत! इस्त्री नाही, ड्रायक्लीन नाही, तो डागच पुरावा आहे. जुन्या मलमलच्या धुतलेल्या कापडात गुंडाळा, डांबरगोळ्या कापडाला चिकटू देऊ नका.

मालक कोण ते आधी विचारा. पोशाख बहुतेक वेळा नटाचा नसतो, निर्मात्याचा किंवा ड्रेपरीवाल्याचा असतो, त्यामुळे जो मालक असेल त्याच्याकडून, नटाचा स्वतःचा असेल तर घरच्यांकडून, दोन ओळींचं सहीचं पत्र घ्या, कुठलं नाटक, कुठली भूमिका, वस्तू कुणी दिली. जुन्या संगीत नाटकाची हस्तलिखित वही वगैरे आली तर थांबा, ७५ वर्षांपेक्षा जुनं महत्त्वाचं हस्तलिखित १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यात येऊ शकतं, तिथे परवान्याची भानगड आहे, वकिलाला विचारूनच काय ते ठरवा.

लिलावाच्या दिवशी एक नंबरची वस्तू पहिली काढू नका. लोक उशिरा येतात, खुर्च्या भरेपर्यंत सह्या काढा, चहा-वडा झाला की नाडीवाली चड्डी. बेस प्राइस मुद्दाम कमी ठेवा, एकदा चार हात वर झाले की पुढचं आपोआप होतं. विकल्यावर त्या पत्राची झेरॉक्स, जुळवलेले फोटो आणि पावती एकाच पाकिटात घालून वस्तूबरोबर द्या आणि ओरिजिनल पत्र स्वतःकडे ठेवा, कारण घेणारा उद्या पुढे विकायला गेला की खात्री करायला फोन तुम्हालाच येणार.